अपडेटनंतर पुन्हा काळी स्क्रीन: उबंटू-डेबियनवरचं एनव्हिडिया कार्ड आणि दर काही महिन्यांनी येणारी तीच तक्रार

मशीन सुरू होतं, उबंटूचं किंवा डेबियनचं (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) नाव क्षणभर दिसतं आणि स्क्रीन काळी होते. कधी डाव्या कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकत राहते, कधी तीही नाही. कुणाकडे लॉगिनची खिडकी येते, पण पासवर्ड घातला की स्क्रीन मिटते आणि परत तीच खिडकी समोर. कुणाकडे सगळं दिसतं, पण रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वर अडकलेलं, अक्षरं भलीमोठी, आणि नुसती खिडकी सरकवली तरी पंखा घोंघावायला लागतो. तक्रारी वेगळ्या वाटतात, पण मशीनमध्ये एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारं कार्ड, असेल तर मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. ते मूळ काढलं नाही आणि नुसतं कसंबसं चालू करून दिलं, तर दुखणं चार-सहा महिन्यांत परत येतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

पुण्यात ही तक्रार गुरुवारी जास्त येते. देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा आपल्याकडचा वार गुरुवार. पेठांमधल्या डीटीपीच्या दुकानांत मशीन आठवडाभर बंदच होत नाही, रात्री फक्त मॉनिटरचं बटण दाबतात. मधल्या दिवसांत उबंटूची आपोआप होणारी सुरक्षा अपडेट नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणून डिस्कवर ठेवून देते, पण मेमरीत चालू असतो तो जुनाच. गुरुवारी लाइट जातात, यूपीएस थोडा वेळ तग धरतो आणि दम सोडतो. लाइट आल्यावर मशीन पहिल्यांदाच नव्या कर्नलवर उठतं, आणि स्क्रीन काळी. दुकानातले काका ठामपणे सांगतात की लाइटच्या झटक्यात कार्ड उडालं. मग तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, नवं कार्ड आणायला कुणाला तरी पिटाळलं जातं. कार्ड मात्र धडधाकट असतं.

तेव्हा पहिल्यांदा हे शोधा, की मशीन याआधी सुरू केलं होतं तेव्हापासून आजपर्यंत काय काय बदललं. त्याची तारीखवार नोंद मशीनमध्येच असते: /व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग. (फाइलींची आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप इंग्रजीतच करायची.) ‘लिनक्स-इमेज’ने सुरू होणारं नवं पॅकेज त्यात दिसलं, किंवा एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) मालिका बदललेली दिसली, तर निम्मं काम झालं. ही फाइल वाचायच्या आधी काहीही नव्याने टाकू नका. काळी स्क्रीन दिसली की ड्रायव्हर पुन्हा टाकून बघायचा, ही सवय सगळ्यात जास्त घोळ करते, कारण त्याने आधीच्या बिघाडाच्या खुणा पुसल्या जातात आणि वर नवा थर चढतो.

हे होतं का

लिनक्सवर चित्र उमटवण्याच्या कामात तीन भाग असतात. कर्नलमध्ये बसणारं मॉड्यूल, जे कार्डाशी प्रत्यक्ष बोलतं. एक्सऑर्ग किंवा वेलँड (स्क्रीनवर खिडक्या मांडणाऱ्या यंत्रणा) यांच्या बाजूच्या लायब्ररी, ज्यांच्यामार्फत प्रोग्रॅम चित्र काढतात. आणि फर्मवेअर, जे सुरू होताना कार्डात भरलं जातं. फार पूर्वी एक्सऑर्गचा सर्व्हर स्वतःच कार्डात हात घालून रिझोल्यूशन ठरवायचा. २००९ च्या सुमाराला, कर्नल २.६.२९ पासून, इंटेलच्या कार्डांसाठी ते काम कर्नलकडे गेलं, आणि पुढे बाकीच्यांचंही. फायदे पुष्कळ झाले, पण तेव्हापासून ग्राफिक्सचं आणि कर्नलचं नशीब एकमेकांना बांधलं गेलं.

इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलच्याच सोर्समध्ये (मूळ कोडमध्ये) असतात. कर्नल बदलला की तेही सोबत बदलतात, त्यामुळे मॉड्यूल मागे राहण्याचा प्रश्न येत नाही. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर राहतो. म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल नव्याने बांधावं लागतं. हे काम डीकेएमएस नावाची यंत्रणा करते, आणि बांधायला तिला त्याच कर्नलच्या हेडर फाइली (त्याच्या आतल्या रचनेची माहिती देणाऱ्या) लागतात. हेडर नाहीत, कंपायलर (सोर्सवरून मॉड्यूल बांधणारा प्रोग्रॅम) नाही, सोर्स जुना असल्यामुळे नव्या कर्नलवर कंपाइलच होत नाही, किंवा बांधलेल्या मॉड्यूलवर सही नाही, यातलं काहीही एक झालं की मॉड्यूल मागे आणि कर्नल पुढे. उबंटूच्या डेस्कटॉप एलटीएसमध्ये (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीत) ठरावीक काळाने कर्नलची नवी मालिकाच येते. उबंटू २२.०४ सुरू झालं कर्नल ५.१५ वर आणि पोचलं ६.८ पर्यंत. ‘दर सहा महिन्यांनी असं होतं’ ही तक्रार म्हणूनच इतकी नेमकी असते.

आधी मशीन हातात घ्या

कंट्रोल, अल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात लॉगिन आलं तर मशीन जिवंत आहे, फक्त ग्राफिक्स पडलं आहे. नाही आलं तर रीस्टार्ट करून ग्रबचा, म्हणजे कोणता कर्नल उठवायचा ते विचारणारा, मेनू काढा. जुन्या बायोसवर शिफ्ट धरून, नव्या मशीनांतल्या यूईएफआयवर एस्केप दाबून. त्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडा आणि एक पायरी जुना कर्नल निवडा.

मी नेहमी आधी हेच करतो. जुन्या कर्नलवर सगळं पूर्ववत आलं, तर निदान जवळजवळ झालंच: कार्ड ठीक, केबल ठीक, नव्या कर्नलसाठी मॉड्यूल नाही. शिवाय समोर गिऱ्हाईक लग्नपत्रिकेचं प्रूफ मागत उभं असेल तर दुकानाचं काम त्या दिवसापुरतं सुरू होतं. दुरुस्ती संध्याकाळी शांतपणे करता येते.

जुना कर्नलही अंधारात गेला, तर ग्रबमध्येच त्या ओळीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ१० दाबा. रिझोल्यूशन वाईट येईल, पण काहीतरी दिसेल. नोमोडसेट फक्त आत शिरण्यापुरतं आहे. ते ग्रबच्या फाइलीत कायमचं लिहून ठेवलेली मशीनं मी पाहिली आहेत. त्यांच्यावर वर्षानुवर्षं सगळं चित्र प्रोसेसर काढत बसतो आणि मालक मशीन म्हातारं झालं म्हणून हळहळतो.

मराठीत डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. एफ३ च्या त्या कन्सोलला देवनागरी दाखवता येत नाही. त्याच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्यांची जागा असते, आणि आपली जोडाक्षरं जुळवण्याची सोयही तिथे नसते. सिस्टिमची भाषा मराठी असेल तर संदेशांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात आणि माणूस घाबरतो. कमांडच्या आधी ‘लँग=सी’ लिहा, म्हणजे संदेश इंग्रजीत येतील आणि वाचता येतील.

मॉड्यूल कुठे अडकलं ते पाहा

‘युनेम -आर’ ने चालू कर्नल कळतो. ‘डीकेएमएस स्टेटस’ ने कळतं की एनव्हिडियाचं मॉड्यूल कोणकोणत्या कर्नलसाठी बांधलं गेलं आहे. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. नव्या कर्नलच्या नावापुढे ‘इन्स्टॉल्ड’ नसेल, किंवा तो कर्नल यादीतच नसेल, तर दोष सापडला.

सगळ्यात जास्त वेळा आढळणारं कारण अगदी साधं असतं: हेडर नाहीत. कुणीतरी एकदा त्या वेळच्या कर्नलचे हेडर आवृत्तीच्या आकड्यासह टाकलेले असतात, त्यामुळे पुढच्या कर्नलबरोबर नवे हेडर येत नाहीत. डेबियनवर ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ आणि उबंटूवर ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ (एचडब्ल्यूई, म्हणजे एलटीएसमध्ये मागाहून येणारा नव्या मालिकेचा कर्नल असेल तर त्याचं जोडीचं पॅकेज) ही आकडा नसलेली पॅकेजं टाका. ती स्वतः रिकामी असतात, पण प्रत्येक नव्या कर्नलबरोबर त्याचे हेडर ओढून आणतात. मग ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’ (सुडो म्हणजे कमांड अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवणं), आणि रीस्टार्ट. माझ्यापर्यंत आलेल्या बहुतेक मशीनांचं काम इथेच संपलं.

हेडर असूनही बांधणी पडली असेल, तर /व्हार/लिब/डीकेएमएस खाली एनव्हिडियाच्या त्या आवृत्तीच्या फोल्डरात ‘मेक.लॉग’ सापडते. शेवटच्या ओळी बघून उपयोग नाही, ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा कुठे आला ते शोधा. कर्नलमधलं एखादं फंक्शन बदललं किंवा काढून टाकलं असा अर्थ निघत असेल, तर तुमची ड्रायव्हर मालिका त्या कर्नलसाठी जुनी पडली आहे. त्यावरचा उपाय पुढे कार्डाच्या भागात येतो.

बांधणी झाली, तरी मॉड्यूल चढत नाही? ‘सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया’ करून पाहा. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर आलं तर सिक्युअर बूट (सही नसलेलं मॉड्यूल चढू न देणारी सोय) आडवं आलं आहे. ड्रायव्हर टाकताना उबंटू एक पासवर्ड ठरवायला लावतं आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते. तिथे ‘एनरोल मोक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ती स्क्रीन थोडाच वेळ थांबते, आणि दुकानात बहुतेक जण एंटर मारून पुढे जातात. त्यामुळे सही करणारी किल्ली मशीनला कधी ओळखीची होतच नाही. ‘मोकयुटिल --इम्पोर्ट’ ने ती पुन्हा नोंदवता येते. डेबियन १२ पासून ती /व्हार/लिब/डीकेएमएस मध्ये ‘मोक.पब’ नावाने असते. उबंटूवर माझी शिफारस वेगळी आहे. तिथे एनव्हिडियाची आधीच बांधून सही केलेली मॉड्यूल पॅकेजं मिळतात, नाव ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया’ने सुरू होतं. ती कर्नलबरोबरच येतात, कंपायलर लागत नाही, निळी स्क्रीनही नाही. मालिका त्यात उपलब्ध असेल तर तोच मार्ग घ्या.

आणखी एक संदेश दिसतो: ‘ड्रायव्हर लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’. कर्नलच्या नोंदीत तोच ‘एपीआय मिसमॅच’ म्हणून येतो. लायब्ररी अपडेट झाल्या, मेमरीत मॉड्यूल जुनं, एवढाच त्याचा अर्थ. रीस्टार्टने जातो. रीस्टार्टनंतरही आला तर मशीनवर एकाच ड्रायव्हरच्या दोन आवृत्त्या नांदत आहेत, आणि ती गोष्ट स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे.

रन फाइलचा घोळ

एनव्हिडियाच्या साइटवरून ‘.रन’ फाइल उतरवून ड्रायव्हर टाकायचा, हा सल्ला जुन्या लेखांमधून अजून फिरतो. कृपया तो पाळू नका. ती फाइल एपीटीला, म्हणजे पॅकेजं सांभाळणाऱ्या यंत्रणेला, न विचारता लायब्ररींच्या जागी स्वतःच्या लायब्ररी ठेवते. पुढे एपीटी मेसा (मुक्त ड्रायव्हरांच्या ग्राफिक्स लायब्ररी) किंवा एनव्हिडियाचं पॅकेज अपडेट करतं तेव्हा त्यातल्या काही बदलतात, काही राहतात. बाहेरून सगळं जागच्या जागी दिसतं आणि आत कुणाचा कुणाला पत्ता नसतो.

आधी ‘सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’ चालवा. मग पॅकेजांतून आलेलं सगळं ‘एपीटी पर्ज’ ने काढा. आणि आता जे बहुतेकांचं राहून जातं ते: /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये ‘एनव्हिडिया-इन्स्टॉलर-डिसेबल-नूव्हो.कॉन्फ’ ही फाइल उरली आहे का ते पाहा. ती एनव्हिडिया कार्डासाठीच्या मुक्त (ओपन सोर्स) ड्रायव्हरला, म्हणजे नूव्होला, उठूच देत नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर काढला आणि ही फाइल राहिली, की दोन्ही ड्रायव्हर नाहीत आणि १०२४ बाय ७६८ ची स्क्रीन. ती पुसून ‘सुडो अपडेट-इनिट्रामएफएस -यू’ करा, म्हणजे सुरू होताना आधी चढणारी छोटी सिस्टिम (इनिट्रामएफएस) नव्याने बनते. तसंच /ईटीसी/एक्स११ मध्ये ‘एक्सऑर्ग.कॉन्फ’ पडली असेल तर तिचं नाव बदलून बाजूला ठेवा. त्यात ड्रायव्हर ‘एनव्हिडिया’ असं ठासून लिहिलेलं असतं आणि तो सापडला नाही की एक्सऑर्ग ‘नो स्क्रीन्स फाउंड’ म्हणून बसतं. आजच्या एक्सऑर्गला साध्या एका मॉनिटरसाठी ती फाइल लागत नाही.

लॉगिन करून परत लॉगिनवर येण्याच्या तक्रारीत ड्रायव्हरच्या आधी ‘डीएफ -एच’ करा. स्कॅन आणि पीडीएफने होमची जागा शंभर टक्के भरली असेल तरी हेच लक्षण दिसतं. जागा असेल, तर घरच्या फोल्डरातली ‘.एक्सऑथॉरिटी’ फाइल रूटच्या (अ‍ॅडमिनच्या) मालकीची झाली आहे का ते पाहा. कुणी सुडो लावून ‘स्टार्टएक्स’ चालवलं की ती होते.

कार्ड नेमकं कोणतं

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण घोळाचं खरं मूळ बऱ्याचदा इथे असतं. दुकानांमध्ये, अभ्यासिकांमध्ये, छोट्या कार्यालयांमध्ये जीटी ७१० आणि जीटी ७३० ही स्वस्त कार्डं भरपूर आहेत. जीटी ७१० केप्लर पिढीचं. त्याला एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ४७० मालिका ही शेवटची. नव्या मालिका त्याला ओळखतच नाहीत. जीटी ७३० मात्र एकाच नावाखाली दोन पिढ्यांच्या चिपवर विकलं गेलं. काहींत जीएफ१०८ आहे, म्हणजे फर्मी, ज्याची शेवटची मालिका ३९०. काहींत जीके२०८, म्हणजे केप्लर. खोक्यावरचं नाव सारखंच. एका दुकानात चाललेला उपाय शेजारच्या दुकानात त्याच नावाच्या कार्डावर का चालत नाही, याचं उत्तर हे आहे. ‘एलएसपीसीआय’ च्या यादीत व्हीजीए लिहिलेली ओळ काढा. चिपचं नाव तिथे असतं. खोक्यावर किंवा बिलावर विसंबू नका.

३९० मालिकेचं काम एनव्हिडियाने २०२२ च्या अखेरीस थांबवलं, ४७० चं २०२४ मध्ये. डेबियन १२ मध्ये ३९० मालिका नाहीच. म्हणजे या कार्डांवर नवा कर्नल आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर हा संसार आता कुणीतरी पॅच लावून देईपर्यंतच टिकतो. माझं मत स्पष्ट आहे: लेखन, पानजुळणी, इंकस्केप, स्क्रायबस, ब्राउझर एवढंच काम असेल, तर फर्मी-केप्लर कार्डांवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर काढून नूव्हो ठेवा. तो कर्नलमध्येच आहे, कर्नलबरोबर पुढे जातो, आणि बांधायचं मॉड्यूलच नसल्यामुळे या तक्रारीचं निम्म्याहून जास्त मूळ कापलं जातं. ब्लेंडरमध्ये कूडा (एनव्हिडिया कार्डावर गणितं करवण्याची सोय) वापरणाऱ्यांना हे चालणार नाही. ९०० आणि १००० मालिकेच्या कार्डांवरही नूव्हो नको, कारण सही केलेल्या फर्मवेअरच्या अटीमुळे तिथे तो कार्डाचा वेग वाढवू शकत नाही. त्यांनी पॅकेजांतला एनव्हिडिया ड्रायव्हरच ठेवावा आणि हेडरचं वर सांगितलं ते सांभाळावं.

अख्खी आवृत्ती बदलताना

डेबियन ११ वरून १२ वर येताना फर्मवेअरचं घर बदललं. आधी ते ‘नॉन-फ्री’ मध्ये होतं, १२ पासून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा वेगळा विभाग झाला. सोर्सेस.लिस्ट मध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत) हा शब्द घातला नाही, तर नवीन फर्मवेअर येणंच बंद होतं, आणि कुठे लाल अक्षरात चूकही दिसत नाही. एएमडीच्या कार्डांवर अपग्रेडनंतर चित्र बिघडलं तर मी पहिल्यांदा इथे पाहतो.

डेबियन १३ वर येताना बूटचं वेगळं विभाजन (पार्टिशन) असेल तर ते किमान ७६८ एमबीचं हवं आणि त्यात ३०० एमबी मोकळी हवी, असं डेबियनच्याच सूचनांमध्ये आहे. कर्नल आणि फर्मवेअर दोन्ही फुगले आहेत. जुन्या मशीनांवर हे विभाजन बरंच लहान असतं. ते मध्येच भरलं की सुरुवातीची इनिट्रामएफएस अर्धवट बनते.

उबंटूमध्ये आवृत्ती बदलताना बाहेरचे पीपीए (उबंटूबाहेरचे पॅकेजांचे साठे) आपोआप बंद केले जातात, पण त्यांच्यातून आलेली पॅकेजं तशीच राहतात. ग्राफिक्सचा पीपीए लावला असेल तर आधी ‘पीपीए-पर्ज’ ने उबंटूच्या मूळ आवृत्तीवर या, मगच पुढे जा.

रोजच्या वापरासाठी दोनच सवयी सुचवतो. बुधवारी दुकान बंद करताना मशीन एकदा रीस्टार्ट करून पाहा. नवा कर्नल त्रास देणार असेल तर तो तुमच्या सोयीच्या वेळी देईल. आणि गणपतीआधी, मंडळांच्या अहवालांची छपाई तोंडावर असताना, कर्नल, हेडर आणि एनव्हिडिया या तिन्ही पॅकेजांना ‘एपीटी-मार्क होल्ड’ लावा. फक्त कर्नल किंवा फक्त ड्रायव्हर अडवला तर जोडी पुन्हा फुटते. विसर्जन झालं की ‘अनहोल्ड’ करायला विसरू नका, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याच कर्नलमधून येतात.

दुरुस्तीनंतर पक्कं करायला ‘जीएलएक्सइन्फो’ मधली रेंडररची ओळ वाचा. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर चित्र अजूनही प्रोसेसरच काढतो आहे आणि काम अपुरं आहे. जीटी ७१० वर नूव्हो नीट बसला असेल तर तिथे ‘एनव्ही१०६’ दिसतं. पुढे वेलँडकडे जायचं असेल तर तिथेही नूव्होच सोयीचा पडतो: वेलँडला लागणारी जीबीएमची सोय एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये ४९५ मालिकेपासून आली, आणि केप्लरची मालिका ४७० वरच थांबली. उबंटू २५.१० ने ग्नोम डेस्कटॉपचं एक्स११ (एक्सऑर्गवरचं) सत्र काढून टाकलं आहे, त्यामुळे जुनं कार्ड आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर अशी जोडी असलेल्यांनी पुढच्या एलटीएसवर जाण्याआधीच हा बदल करून घ्यावा.